शेपटीवर चोच

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला आधी सासूने सांगितलं, मग नवऱ्याने, आणि चाळीस वर्षं गिऱ्हाइकं सांगत आली. मी कोणाचंच मनावर घेतलं नाही. दंड जाड असेल तर मी जाड म्हणते आणि त्या मापाने शिवते. कपडा अंगाला बसतो, राग आपोआप उतरतो. पण त्या शनिवारी याच जिभेने सुनेच्या नोकरीवर कात्री चालवली, आणि तीही मला कोणी शहाणी म्हणावं एवढ्यासाठी.

सून स्वयंपाकाचं रीतसर शिकलेली. पन्नास माणसांचं जेवण उभ्याने काढते आणि ओट्यावर थेंब सांडत नाही. पोट दिसायला लागलं तसं जुन्या हॉटेलाने तिला घरी बसवलं. नात पाच महिन्यांची झाल्यावर ती पुन्हा काम शोधायला लागली. दोन ठिकाणी हाताची चव आवडली. मग विचारलं, घरी लहान मूल आहे का? ही बया खरं बोलली. "कळवतो," म्हणाले. अजून कळवतायत.

तिसऱ्या ठिकाणी जायच्या आदल्या दिवशी मी मशीनवर बसले होते. पाय थांबवून म्हटलं, "या खेपेला विचारलं तर सरळ नाही म्हण."

"आई, खोटं बोलू?"

"खोटं कसलं? मूल घरी कुठे असतं? माझ्या मांडीवर असतं."

ती हसली नाही. पण नाही म्हणून आली. तिथल्या मालकिणीने तिला एका संध्याकाळपुरतं बोलावलं. शनिवारी किचन सांभाळून दाखव, जमलं तर सोमवारपासून कायम.

आता अडचण एकच होती, आणि तिचं वजन सात किलो होतं. आमची ठकू. खरं नाव मोठं आणि छान आहे, पण हाक मारायला ठकूच. तिला बाटली चालत नाही. वाटी-चमचा चालत नाही. तीन तऱ्हेच्या बाटल्या आणल्या. तिन्हींची बुचं तिने जिभेने अशी ढकलली, जशी मी मेलं नकली रेशीम ढकलते. तिला आईच लागते, दर तीन तासांनी, आणि घड्याळ तिच्या पोटात बसवलेलं आहे. पाचला पाजून सून निघणार, म्हणजे आठ वाजता कुठूनही आई हजर पाहिजे.

तोड मीच काढली. म्हटलं, आपण तिथेच जेवायला जाऊ. मी, मुलगा आणि ठकू. गिऱ्हाईक म्हणून बसायचं, ओळख दाखवायची नाही. आठ वाजले की मी ठकूला घेऊन बाथरूमकडे जाणार. सून दोन मिनिटांचं निमित्त काढून मागच्या कोठीत येईल, पाजेल, परत जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. बाराव्या मजल्यावर दोरावर लोंबकळताना त्याला भीती वाटत नाही, पण माझ्याबरोबर चारचौघांत जायचं म्हटलं की तो कारणं शोधायला लागतो.

"आई, तिथे कोणाला काही बोलायचं नाही," तो दारातून निघतानाच म्हणाला.

"मी कशाला बोलते?"

"तू बोलतेस."

"तू तुझ्या बापावर गेलायस," म्हटलं आणि ठकूच्या डोक्यावर टोपडं बांधलं. बाहेर गार वारा होता.

या टोपड्याचं सांगायला हवं. त्याचं कापड मला छपाईत बिघडलेल्या मालात मिळालं. हिरव्यावर छोटी पाखरं, पण चोचीचा लाल ठसा सरकून प्रत्येक पाखराच्या शेपटीवर बसलेला. व्यापारी म्हणाला, फेकायचंच आहे, न्या. मी सगळा तुकडा उचलला. त्यातून ठकूच्या दोन उशा झाल्या, एक टोपडं झालं, आणि उरलेल्या पट्टीतून सुनेला घरी स्वयंपाक करताना डोक्याला बांधायचा रुमाल. माझ्या हाताखालून चिंधी वाया जात नाही.

हॉटेलात पोचलो तेव्हा सात वाजत होते. पिवळे दिवे, पांढरे टेबलक्लॉथ. मी कापड आधी बघते. धुलाई चांगली होती, पण कोपरे नीट दुमडून शिवलेले नव्हते. दाराशी मालकीण स्वतः उभी होती. माझ्याच वयाची असेल, पाठ फुटपट्टीसारखी, अंगात राखाडी जाकीट. त्याचा डावा खांदा अर्ध्या बोटाने उतरलेला. ते बघून माझ्या जिभेला खाज सुटली, पण गिळली.

आमच्याकडे बघून ती मुलाला म्हणाली, "खिडकीजवळचं टेबल देते."

"ते नको," मी म्हटलं. "तिकडे, बाथरूमच्या बाजूचं."

"तिथे दार सारखं उघडतं, आजी."

आजी म्हणे! स्वतःचे केस काय काळे होते? "माझ्या वयाला दार जवळच बरं," मी म्हटलं. मुलाने मान खाली घातली.

मालकीण हसली आणि वाकून ठकूकडे बघायला लागली. "काय गं गोडुली! आणि टोपडं किती सुबक. कुठून घेतलं?"

इथे मी नुसतं "बाजारातून" म्हटलं असतं तर संपलं होतं. पण तिने टोपड्याची कड दोन बोटांत धरून उलटी केली, आतली टीप बघितली. आतली टीप बघणारं माणूस मला वर्षात एखादं भेटतं.

"घेतलं नाही, मी शिवलंय," मी म्हटलं. "आणि कापड शोधायला जाऊ नका, मिळणार नाही. बघा, शेपटीवर चोच आहे. अख्ख्या गावात हा एकच तुकडा होता, आणि तो माझ्या घरात आहे."

"असं?" ती म्हणाली. "शेपटीवर चोच. खरंच की."

मुलाने माझा दंड धरला आणि टेबलाकडे नेलं.

बसलो. पलीकडे किचनला काचेची भिंत होती, आतलं सगळं दिसत होतं. वाफ, तवे, पांढऱ्या कोटातली माणसं. मी सुनेला शोधत होते. मग ती मोठं पातेलं घेऊन मधोमध आली, आणि माझ्या हातातला पाण्याचा पेला ठकूच्या मोज्यावर सांडला.

तिच्या डोक्याला तोच हिरवा रुमाल होता. त्यावर शेपटीला चोच असलेली पाखरं.

मी तिला दोन पांढरे रुमाल शिवून, खळ घालून, इस्त्री करून दिले होते. तिने ते घरी ठेवले आणि हा घालून आली.

"आई, काय झालं? चेहरा असा काय?" मुलगा म्हणाला.

"तुझी बायको वेडी आहे," मी म्हटलं. "आणि तुझी आई तिच्याहून. डोक्याकडे बघ तिच्या."

त्याने बघितलं. मग ठकूच्या डोक्याकडे बघितलं. लिफ्टचा दोर तुटल्यासारखा त्याचा रंग गेला. "आपण उठू या."

"उठलो तर आठला हिला कोण पाजणार? तू?"

मी टेबलाखाली नेऊन ठकूचं टोपडं सोडलं आणि माझ्या पिशवीत कोंबलं. ठकूला टोपडं काढलेलं आवडत नाही. तिने ओठ काढला, पण रडली नाही. वेटर आला. सूप सांगितलं, मासा सांगितला, आणि म्हटलं, सावकाश आणा, आम्हाला घाई नाही.

साडेसातच्या सुमाराला काचेआड काहीतरी बिनसलं. सुनेने माशांचा एक मोठा ट्रे उचलला, नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. मालकीण आत गेली. तिने एक तुकडा बोटाने दाबून बघितला, खांदे उडवले, काहीतरी बोलली. सुनेने मान हलवली. मालकीण पुन्हा बोलली. सुनेने पुन्हा मान हलवली, ट्रे उचलला आणि तिच्या देखत कचऱ्याच्या डब्यात उलटा केला.

"गेली नोकरी," मुलगा पुटपुटला. "पहिल्याच दिवशी मालकिणीचा माल फेकते."

"तुझ्या शर्टाला बटणं कोण लावतं ते विसरू नकोस, आणि शुभ बोल," मी म्हटलं. पण माझाही चमचा सूपात तसाच राहिला.

मालकीण बाहेर आली ती टेबलांमधून फिरत आमच्यापाशी थांबली. "सूप कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हटलं.

"बाळाचं टोपडं काढलंत?"

"उकडत होतं तिला."

"हो का?" ती म्हणाली. तिने ठकूकडे बघितलं, मग काचेकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. आणि पुढच्या टेबलाकडे गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपार झाली होती.

आठला पाच कमी असताना बारा माणसांचा एक घोळका आत शिरला आणि एकदम ऑर्डर देऊन बसला. काचेआड धावपळ उडाली. आठ वाजले. सुनेने एकदा आमच्या दिशेने बघितलं आणि डोळ्यांनी सांगितलं, आत्ता नाही.

ठकूला डोळ्यांची भाषा कळत नाही. आठ वाजून दोन मिनिटांनी तिने मूठ तोंडात घातली. पाचव्या मिनिटाला मूठ बाहेर काढून तिच्यात दूध नाही म्हणून ओरडली. मी चमचा दिला, तो फेकला. मुलाने किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तो जरा चालला. मग तोही फेकला. मी उभी राहून तिला खांद्यावर थोपटायला लागले. शेजारच्या टेबलावरचा टक्कलवाला वळून बघायला लागला.

"लहान मुलांना असल्या ठिकाणी आणतात कशाला?" तो बायकोला म्हणाला, पण ऐकू मला यावं एवढ्या आवाजात.

"तुमच्या आईने तुम्हाला कुठेच नेलं नसेल, म्हणून वळण लागायचं राहिलं," मी म्हटलं.

"आई!" मुलगा दातांतल्या दातांत ओरडला.

मग ठकू खरंच रडली. तिचं भुकेचं रडणं वेगळं असतं. आधी श्वास ओढते, इतका वेळ की माणसाचा जीव टांगणीला लागतो, आणि मग सोडते. सगळ्या हॉटेलाने वळून बघितलं. ते रडणं काचेपलीकडे गेलं, हे मला इथून दिसलं.

सून ओट्याशी पाठमोरी उभी होती, चिरत होती. तिचा हात थांबला. ती वळली नाही. पुन्हा चिरायला लागली. ठकूने दुसरा श्वास ओढला आणि सोडला. सून कढईकडे जायला वळली तेव्हा मला पुढून दिसलं: पांढऱ्या कोटावर छातीशी दोन ओले डाग. बघता बघता तळहाताएवढे झाले. मी मुलाला पाजलंय, मला काय झालं ते सांगावं लागलं नाही. मूल रडतं आणि अंग आपोआप ऐकतं. तिने खुंटीवरचा दुसरा एप्रन ओढला, वर छातीपर्यंत बांधला, आणि बारा ताटं मांडायला घेतली. हात कापत नव्हते. मी इतकी वर्षं लोकांचे हात बघतेय, टीप घालताना कोणाचा कापतो ते मला लांबून कळतं. तिचा कापत नव्हता. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. खोटं मी शिकवलं होतं आणि ओला कोट तिच्या अंगावर होता.

"मी मागे जाते," मी मुलाला म्हटलं. "तू इथून हलू नकोस. मासा आला तर खाऊ नकोस, तो तुझ्या बायकोच्या हातचा आहे, मला बघायचाय."

बाथरूमच्या पुढे कोठी होती. पिठाची पोती, तेलाचे डबे, धुऊन आलेल्या टेबलक्लॉथचे गठ्ठे. मी एका गठ्ठ्यावर बसले. ठकूचा आवाज बसत चालला होता, मध्येच उचकी लागत होती. एक मिनिट गेलं. दोन. पाच गेली असतील. मग दार ढकलून सून आत आली, एप्रन सोडतच.

"द्या, द्या, द्या," ती म्हणाली आणि उभ्या उभ्याच तिला छातीशी घेतलं. रडणं मधेच तुटलं. त्या शांततेत फक्त ठकूचं गटगट ऐकू येत होतं.

"हा रुमाल का घातलास?" मी हळू आवाजात म्हटलं. "पांढरे दिले होते ना?"

"तिच्या टोपड्याचं कापड आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पहिल्यांदाच एवढा वेळ सोडून आले, आई. काहीतरी तिचं अंगावर असावं वाटलं. त्यात काय झालं?"

त्यात काय झालं, ते सांगायला माझं तोंड उघडलं, तेवढ्यात दार पुन्हा उघडलं.

मालकीण होती. तिने दार आतून लावून घेतलं. सुनेने ठकूला दूर केलं नाही, हे मी बघितलं. उलट घट्ट धरलं.

"बारा ताटं कोण बघतंय?" मालकीण म्हणाली.

"गेली बारा. पुढचा मासा मंद आचेवर आहे," सून म्हणाली. "सात मिनिटं."

मालकिणीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "मी तुला विचारलं होतं, घरी लहान मूल आहे का. तू माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणालीस."

"खोटं माझं आहे," मी म्हटलं. गठ्ठ्यावरून उठले. "ती खरंच बोलते, दोनदा बोलली आणि दोनदा घरी बसली. या खेपेला नाही म्हणायला मी सांगितलं. काय बोलायचं ते मला बोला."

मी कोणाची माफी मागत नाही. मापात चूक झाली तर उसवून नवं शिवून देते, पण माफी मागत नाही. तिथे मागितली. शब्द सांगत नाही, ते तिथेच राहू देत.

मालकिणीवर काही परिणाम झालेला दिसला नाही. "आजी, तुम्ही चोचीचं सांगितलंत त्यानंतर पाचव्या मिनिटाला मी किचनमध्ये गेले आणि तोच रुमाल बघितला. तेव्हापासून बघतेय, तुम्ही किती वेळ रेटताय. मूल असल्याचं मला काही नाही. मीही दोन वाढवलीत, पिठाच्या पोत्यावर निजवून. पण खोटं बोलणारी बाई मला किचनमध्ये नको. आज मुलाचं खोटं सांगते, उद्या शिळा मासा ताजा म्हणून सांगेल."

सुनेने मान वर केली.

"शिळा मासा ताजा म्हणून तुम्ही सांगत होता," ती शांतपणे म्हणाली. "साडेसात वाजता. चालेल, रश्श्यात कळणार नाही, म्हणालात. टाकून मी दिला."

ठकूसुद्धा प्यायची थांबली. माझ्या मनात आलं, माझी जीभ हिला कधी चिकटली? मी तर फक्त खोटं बोलायला शिकवलं होतं, हे हिचं स्वतःचं होतं.

मालकीण कानशिलापर्यंत लाल झाली. मग पुन्हा घड्याळ बघितलं. "चार मिनिटं राहिली," म्हणाली. "कोट बदल. कपाटात आहे." आणि दार उघडून निघून गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

सुनेने दुसऱ्या बाजूला घेतलं. तीन मिनिटांनी ठकू माझ्याकडे दिली, दुधाने सुस्त, डोळे मिटत आलेले.

"आई," ती कोट बदलताना म्हणाली, "आता टेबलावर बसा आणि पाया पडते, कोणाशी बोलू नका."

टेबलाशी आले तर मुलाने दोन्ही सूप संपवून पावाची टोपली रिकामी केली होती. घाबरला की त्याला भूक लागते. "काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"काही नाही म्हणाली. तेच वाईट."

मासा आला. ठकू मांडीवर झोपली होती, एका हाताने खाल्ला. मी सुनेच्या हातचं खाताना एक तरी खोड काढते, तिला सवय आहे. मीठ, नाहीतर तिखट, नाहीतर आच. तो मासा खाताना मी शोधली. बराच वेळ शोधली. मग शेवटचा तुकडा काटे काढून मुलाच्या ताटात ठेवला; खोड सापडली नव्हती.

काचेआड पहिली गर्दी ओसरली. मालकीण आणि सून ओट्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, बोलत नव्हत्या. 

नऊच्या आत आम्ही उठलो. बाहेर वारा होता म्हणून मी पिशवीतून टोपडं काढलं आणि सरळ सगळ्यांसमोर ठकूच्या डोक्यावर बांधलं. आता लपवायचं काय होतं? दाराशी मालकीण पुन्हा फुटपट्टीसारखी उभी. मुलगा मला पुढे ढकलत होता, म्हणजे मी थांबू नये. मला सुनेचा शब्द आठवत होता. गप्प बसायचं. मी तिला ओलांडून दोन पावलं गेलेसुद्धा.

पण तो खांदा समोर होता.

"तुमच्या जाकिटाचा डावा खांदा उतरलाय," मी वळून म्हटलं. "अर्धं बोट. शिवणाऱ्याने आतली पट्टी उलटी लावलीय. सगळा रुबाब जातो त्याने."

मुलाने डोळे मिटून घेतले. मालकिणीने मान वळवून स्वतःचा खांदा बघितला, मग समोरच्या आरशात बघितला. हाताने उचलून बघितला.

"अकरा महिने झाले घालतेय," ती म्हणाली. "कोणी सांगितलं नाही."

"लोक खोटं बोलतात," मी म्हटलं.

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणण्याइतका नाही. "दुरुस्त होईल?"

"माझ्या हातून होईल."

"सोमवारी पाठवते," ती म्हणाली आणि दार उघडून धरलं. "काम संपलं की तुमच्या सुनेबरोबर."